गव्हाच्या शिफारशीतली पहिली ओळ बदला

प्रति,
राज्याच्या कृषी खात्यातील अधिकारी,
कृषी विद्यापीठांतील गहू आणि मशागत या विषयांचे शास्त्रज्ञ,
आणि अवजारांच्या अनुदानाचे लक्ष्यांक ठरवणारे सर्व मान्यवर

सप्रेम नमस्कार.

मी अहिल्यानगर जिल्ह्यातला शेतकरी. घरची चार एकर काळी जमीन आहे, कालव्याच्या शेवटच्या टोकाला. खरिपात सोयाबीन, रब्बीत गहू, एका तुकड्यात हरभरा आणि जनावरांपुरता घास. हे पत्र मी आधी आमच्या भागातल्या एका अधिकाऱ्यांना लिहायला घेतले होते. दोनदा लिहून फाडले. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांच्या हातात जो कागद दिला जातो त्यावर माझी हरकत आहे, आणि तो कागद तुम्ही तयार करता. म्हणून पत्र तुम्हाला, आणि सगळ्यांना वाचता यावे म्हणून उघड.

या महिन्यात रब्बीच्या पूर्वतयारीचा मेळावा झाला. गव्हाची घडीपत्रिका वाटली. पूर्वमशागतीखाली लिहिले होते: खरिपाचे पीक निघाल्यावर १५ ते २० सेंटिमीटर खोल नांगरट करावी, कुळवाच्या तीन-चार पाळ्या देऊन जमीन भुसभुशीत करावी. माझ्या वडिलांच्या ट्रंकेत त्यांच्या उमेदीच्या काळातली एक घडीपत्रिका आहे. तिच्यातले वाण आता कोणी पेरत नाही, खताची मात्राही बदलली आहे. ही ओळ मात्र जशीच्या तशी.

मी उभा राहून विचारले, "रान न नांगरता गहू पेरला तर? मी तीन वर्षे पेरतो आहे. त्याबद्दल तुमचे काय म्हणणे आहे?" उत्तर आले, "तशी शिफारस नाही." मग म्हटले, निदान गावात दहा गुंठ्यांचे प्रात्यक्षिक तरी घ्या, जमीन मी देतो. ते गव्हाच्या प्रात्यक्षिकात बसत नाही, असे सांगण्यात आले. त्यानंतर त्याच मंचावर अनुदानाच्या रोटाव्हेटरच्या किल्ल्या वाटल्या. टाळ्या झाल्या. ज्यांना मिळाले ते माझेच भाऊबंद आहेत, त्यांचे मला वाईट वाटत नाही. पण त्या दिवशी घरी येताना ठरवले की आता गप्प बसायचे नाही.

या प्रश्नाशी माझा संबंध मार्च २०२२ पासूनचा. त्या वर्षी मी नेहमीप्रमाणे रान नांगरले, ढेकळे फुटेनात म्हणून दोनदा रोटर (रोटाव्हेटर) मारला, मग पाणी देऊन ओलवले, वाफशाची म्हणजे पेरणीजोगी ओल राहण्याची वाट पाहिली, आणि पेरणी डिसेंबरात गेली. गहू उभा छान होता. मग मार्च आला. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत उष्ण मार्च म्हणून तो नोंदला गेला. ओंब्यांत चीक भरायच्या वेळीच ऊन असे तापले की दाणा सुरकुतला. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्राने गव्हाची निर्यात बंद केली, ती का केली हे मला माझ्या खळ्यावरच कळले होते. व्यापाऱ्याने मूठभर दाणे हातावर घेतले, फुंकर मारली आणि एक शब्द न बोलता भाव कमी सांगितला.

तुमच्याच शिफारशीत आहे की बागायती गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरावा, आणि त्यानंतर दर पंधरवड्याच्या उशिराला हेक्टरी अडीच क्विंटल, म्हणजे एकरी एक क्विंटल उत्पादन घटते. हे अगदी खरे आहे. मग मी वहीत तारखा मांडल्या. सोयाबीन ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात निघाले होते. तिथून डिसेंबरपर्यंतचे दिवस गेले कुठे? ट्रॅक्टरची पाळी यायला आठ दिवस. नांगरट झाल्यावर ढेकळे तापायला आणि मग ती फोडायला आणखी दहा-बारा. जमिनीतली परतीच्या पावसाची ओल नांगराने वर काढून उन्हात वाळवली, म्हणून ओलवणीसाठी आवर्तनाची, म्हणजे कालव्याला पाणी सुटायच्या पाळीची वाट. पुन्हा वाफशाला आठवडा. एकाच घडीपत्रिकेतली एक ओळ सांगते वेळेत पेरा, आणि दुसरी ओळ मला वेळेत पेरू देत नाही.

तेव्हा २०२२ च्या रब्बीला मी दोन एकरांचे दोन भाग केले. एक एकर नेहमीसारखा नांगरला. दुसऱ्या एकराला नांगर, कुळव, रोटर काहीच लावले नाही. सोयाबीन रुंद वरंब्यावर होते; तुम्हीच बीबीएफ म्हणजे रुंद वरंबा-सरी पाडून पेरणाऱ्या यंत्राचा प्रचार केला म्हणून तसे पेरले होते, आणि ती शिफारस उत्तम आहे. सोयाबीन विळ्याने कापले, मुळे जमिनीतच राहिली. मळणीनंतरचे भुसकट खळ्यावर ढीग न लावता परत रानात पसरले. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून पेरणी यंत्राचे रुंद फण काढून अरुंद, उलट्या 'टी' आकाराचे फण बसवून घेतले. तो फण जमीन उलटवत नाही, नुसती चीर पाडतो आणि बी-खत त्या चिरेत सोडतो. त्याच वरंब्यांवर, त्याच ओलीवर गहू पेरला. त्या ऑक्टोबरात परतीचा पाऊस थांबता थांबत नव्हता, तरी ९ नोव्हेंबरला माझी पेरणी झाली होती. शेजारचा नांगरलेला एकर २ डिसेंबरला पेरला गेला.

आता जे घडले ते लपवून न ठेवता सांगतो, कारण मी कशाचा प्रचारक नाही. पहिल्या वर्षी मला तोटा झाला. काही ओळींत भुसकट फणात अडकले, बी उघडे पडले, पाखरांनी खाल्ले. चंदनबटव्याचे तण माजले. बांधाकडून उंदीर आले. नांगरलेल्या एकराला १५ क्विंटल आणि न नांगरलेल्याला १३. गाव हसले. वडील हसले नाहीत, पण बोललेही नाहीत. दुसऱ्या वर्षी भुसकट पसरवताना काळजी घेतली, तण लहान असतानाच खुरपले, आणि साडेचौदाला चौदा आले. तिसऱ्या वर्षी, म्हणजे मार्च २०२५ मध्ये निघालेल्या पिकात, नांगरलेल्याला १५ आणि न नांगरलेल्याला साडेपंधरा. वजन काट्यावर केलेले आहे. वाण दोन्हीकडे एकच, फुले समाधान.

तुम्ही म्हणाल, अर्ध्या क्विंटलाने काय होते? काहीच नाही, मान्य. फरक खर्चात आहे. तिसऱ्या वर्षी नांगरलेल्या एकराला नांगरट २,२००, दोनदा रोटर ३,०००, सारे पाडणे आणि पेरणी १,६००, असे ६,८०० रुपये गेले. न नांगरलेल्याला पेरणी १,४००, भुसकट पसरायची मजुरी ८००, जादा खुरपणी १,५००, असे ३,७००. एकरी ३,१०० रुपये वाचले. त्या हंगामाचा हमीभाव २,४२५ होता. म्हणजे पीक उभे राहण्याआधीच सव्वा क्विंटल गव्हाचे पैसे माझ्या खिशात होते.

आणखी एक गोष्ट हिशेबात येत नाही, पण ज्याने रात्री दारे धरली आहेत त्याला कळेल. नांगरलेल्या रानाला पहिले पाणी देताना ते भुसभुशीत जमिनीत मुरतच राहते, साऱ्याच्या टोकाला पोहोचता पोहोचत नाही. न नांगरलेल्या वरंब्यांच्या सऱ्यांतून पाणी सरळ चालते. मुकुटमुळे फुटताना, अठरा ते एकवीस दिवसांनी द्यायचे ते पाणी मी निम्म्या रात्रीत आटोपून घरी आलो. थंडीत, पाळीच्या विजेवर, साप-विंचवाच्या भीतीत निम्मी रात्र वाचणे म्हणजे काय ते मी वेगळे सांगत नाही.

एका शेतकऱ्याचा एक एकर म्हणजे शास्त्र नव्हे, हे मी जाणतो. म्हणूनच तुम्हाला लिहितो आहे. शास्त्र तुमच्याकडे आहे.

हरियाणात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गव्हात गुल्ली डंडा नावाचे तण आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकाला दाद देईनासे झाले. शेतकरी उभा गहू कापून जनावरांना घालू लागले. त्याच सुमारास पंतनगरच्या कृषी विद्यापीठात न्यूझीलंडच्या फणावरून आपल्याकडच्या ट्रॅक्टरला चालेल असे शून्य मशागतीचे पेरणी यंत्र तयार झाले. भात निघाल्या निघाल्या गहू पेरता येऊ लागला. जमीन उकरली जात नसल्याने ते तणही कमी उगवू लागले. पुढे लुधियानाच्या कृषी विद्यापीठाने ऑस्ट्रेलियाच्या मदतीने हॅपी सीडर बनवले, ते भाताच्या काडातूनही गहू पेरते. तिकडची पद्धत इकडे जशीच्या तशी आणा असे मी म्हणत नाही. तिकडे भात-गहू, गाळाची जमीन. आपल्याकडे सोयाबीन-गहू, काळी भारी जमीन.

पण काळ्या जमिनीवरही काम झालेले आहे. भोपाळच्या भारतीय मृदा विज्ञान संस्थेत सोयाबीन-गहू याच फेरपालटावर नांगरट, कमी मशागत आणि शून्य मशागत यांची वर्षानुवर्षे तुलना झाली. उत्पादनात फारसा फरक आढळला नाही, आणि मशागत कमी केलेल्या जमिनीच्या वरच्या थरात सेंद्रिय कर्ब वाढला. जबलपूरला बोरलॉग दक्षिण आशिया संस्था या कृषी संशोधन संस्थेच्या प्रक्षेत्रावरही काळ्या जमिनीत न नांगरता गहू घेतला जातो. भोपाळ आणि जबलपूर आमच्यापासून लांब आहेत हे खरे, पण माती तीच आहे: उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळणारी, पावसाळ्यात फुगून भेगा मिटवणारी. आमचे आजोबा म्हणायचे, काळे रान स्वतःच नांगरते. ते दरवर्षी नांगर लावत नसत. वखराच्या पाळ्या, आणि तीन-चार वर्षांतून एकदा नांगर, तोही हराळी किंवा कुंदा असले चिवट तण माजले तरच. सहा बैलांचा नांगर हौसेने कोणी धरत नसे. दरवर्षीची नांगरट ट्रॅक्टरबरोबर आली आणि घडीपत्रिकेने तिला कायमचा शिक्का दिला.

आता माझ्या तक्रारी.

पहिली: शिफारस एकच आहे, आणि ती प्रत्येक रानाला लागू केली जाते. सोयाबीननंतरचे रान आणि ऊस मोडलेले रान यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सोयाबीनचे रान आधीच मोकळे असते, मुळांवरच्या गाठींतले थोडे नत्रही त्यात उरते. त्याला १५ सेंटिमीटर उलटवायचे ते कशासाठी, हे पत्रिकेत कुठेच सांगितलेले नाही.

दुसरी: खरिपात तुमचेच लोक रुंद वरंबे पाडायला सांगतात आणि रब्बीत तेच वरंबे मोडायला सांगतात. जून महिन्यात पैसे खर्चून बांधलेले वरंबे ऑक्टोबरात पैसे खर्चून फोडायचे. खरिपाचे आणि रब्बीचे कागद एकाच टेबलावर बसून कोणी पाहतच नाही का?

तिसरी तक्रार रोटाव्हेटरची, आणि ती मला सर्वांत जास्त टोचते. शून्य मशागतीच्या पेरणी यंत्राचे नाव अनुदानाच्या यादीत आहे, मी ते पाहिले आहे. पण आमच्या भागात ते विकणारा विक्रेता नाही, दुरुस्त करणारा कारागीर नाही, दाखवणारा माणूस नाही, आणि भाड्याने अवजारे देणाऱ्या अवजारे बँकेत ते कोणी ठेवलेले नाही. रोटाव्हेटर मात्र गल्लोगल्ली. ओल्या काळ्या रानात रोटर मारला की वरची माती पिठासारखी होते आणि पात्यांच्या खाली, चार-पाच इंचांवर, घट्ट थराचा तवा बसतो. माझ्या नांगरलेल्या एकरात खुरप्याने खोदून पाहिले तेव्हा गव्हाची मुळे त्या तव्यावर येऊन आडवी वळलेली दिसली. ते पिठासारखे रान पहिल्या पाण्याला चिखल होते आणि वाळल्यावर वर कवच धरते. मग पुढच्या वर्षी ते फोडायला पुन्हा नांगर. हे चक्र सरकारी पैशातून फिरते आहे.

चौथी: रब्बी पीक स्पर्धेत हेक्टरी उत्पादन मोजले जाते, खर्च मोजला जात नाही. पंचवीस हजार खर्चून पंचवीस क्विंटल काढणाऱ्याचा सत्कार होतो, आणि तेरा हजारांत बावीस काढणारा कोणाला दिसतच नाही. आपल्या राज्याची गव्हाची सरासरी उत्पादकता देशाच्या सरासरीच्या निम्म्याच्या जवळपास आहे. पंजाबशी उत्पादनात बरोबरी आपली हवा आणि पाणी करू देणार नाहीत. खर्चात बचत मात्र आपल्या हातात आहे, आणि नेमकी तीच कोणी मोजत नाही.

पाचवी: तणाबद्दल कोणी खरे बोलत नाही. न नांगरता शेती म्हणजे तणनाशकाचे डबे, असे एक बाजू म्हणते. दुसरी बाजू तणाचा विषयच टाळते. २०२२ च्या ऑक्टोबरात केंद्राने ग्लायफोसेट या तणनाशकाच्या वापरावर निर्बंध घातले. मग हराळी आणि लव्हाळ्याच्या रानात काय करायचे? मी माझ्या हराळीच्या तुकड्याला आजही नांगर लावतो, आणि दुसऱ्यालाही तोच सल्ला देईन. चोपण म्हणजे क्षारांनी बिघडलेल्या जमिनीत काय करावे, पाणी साचणाऱ्या रानात काय करावे, भुसकट रानात ठेवले तर जनावरांना काय घालावे, याची उत्तरे तुमच्याकडून यायला हवी होती. ती मी यूट्यूबवर शोधतो. तिथे प्रत्येकजण चमत्कारच सांगतो.

यंदा हा विषय अधिक निकडीचा आहे. सप्टेंबर २०२५ मधल्या अतिवृष्टीने मराठवाड्यात आणि आमच्या जिल्ह्यातही रानेच्या राने पाण्याखाली गेली. जिथे सोयाबीन वाचले तिथे ते उशिरा निघते आहे, आणि रानात अजून ट्रॅक्टर रुतेल एवढी ओल आहे. अशा रानात नांगर घालायचा म्हणजे ढेकळे दगडासारखी होणार आणि पेरणी पुन्हा डिसेंबरात जाणार. ज्याचे खरीप वाहून गेले त्याच्याकडे नांगरटीचे आणि रोटरचे पाच हजार कुठून येणार? त्याला नोव्हेंबरात, आहे त्या ओलीवर, कमी पैशांत पेरता येईल असा मार्ग असताना तो त्याला सांगितला जात नाही, हे मला सहन होत नाही.

माझ्या मागण्या अशा:

१. गव्हाच्या घडीपत्रिकेत 'सोयाबीननंतर, काळ्या निचऱ्याच्या जमिनीत, हराळी-लव्हाळा नसल्यास न नांगरता पेरणी' हा पर्याय छापा. छापण्याइतका पुरावा नाही असे वाटत असेल, तर तसे स्पष्ट लिहा आणि पुरावा कधीपर्यंत गोळा करणार तेही सांगा.

२. गहू पिकवणाऱ्या प्रत्येक तालुक्यात निदान पाच शेतकऱ्यांच्या रानात, निदान चार वर्षे, दोन्ही पद्धती शेजारी शेजारी घ्या. एका वर्षाचे प्रात्यक्षिक नको. पहिल्या वर्षी तोटा होतो, तो मी सोसला आहे. एका वर्षात गुंडाळलात तर निकाल चुकीचाच येईल. त्या पहिल्या वर्षाची नुकसानभरपाई शेतकऱ्याला द्या. उत्पादनासोबत डिझेल, मजुरी, पाण्याचे तास आणि पेरणीची तारीख मोजा, आणि आकडे गावच्या चावडीवर लावा. पद्धत हरली तरी लावा.

३. त्या पद्धतीसाठी खत आणि पाणी यांची वेगळी शिफारस करा. भुसकटावर युरिया फेकला तर त्यातले बरेच नत्र वायू होऊन हवेत जाते. खत बियाण्यासोबत जमिनीत किती जावे, पहिले पाणी किती हलके द्यावे, हे आम्ही अंदाजाने ठरवतो आहोत.

४. अवजारे बँकांना यापुढे रोटाव्हेटर देताना सोबत एक शून्य मशागतीचे पेरणी यंत्र सक्तीचे करा. चार एकरवाला ते विकत घेणार नाही, भाड्याने घेईल. आणि जुन्या पेरणी यंत्राला नुसते फण बदलून काम भागते, तेव्हा त्या फणांनाही अनुदान द्या. गावच्या वेल्डिंगवाल्याला त्याचा नकाशा द्या. माझ्याकडच्याने मोबाइलवरचा फोटो पाहून बनवले.

५. पीक स्पर्धेत क्विंटलमागच्या खर्चाचा एक वेगळा गट ठेवा.

यातली एकही मागणी मोठ्या खर्चाची नाही. पहिलीला तर फक्त छपाईचा खर्च आहे, आणि पत्रिका दरवर्षी छापलीच जाते.

मी नांगराच्या विरोधात नाही. आमच्या घरात दसऱ्याला नांगर पुजतात, यंदाही पुजला. पण तिसऱ्या वर्षी न नांगरलेल्या एकरात वरंब्याची माती हातात घेतली तेव्हा तिच्यात गांडुळांच्या विष्ठेच्या गोळ्या होत्या. वडिलांनी ती माती चुरून पाहिली, वास घेतला आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी खालचा एकरही असाच ठेव." पहिल्या वर्षापासून या विषयावर ते बोललेले हे पहिले वाक्य.

तेव्हा यंदा दोन्ही एकर न नांगरता पेरायचे आहेत. पण मग तुलनेला नांगरलेले रान उरणार नाही, म्हणून त्यातले दहा गुंठे मी नांगरून ठेवणार आहे. तुमच्यासाठी. पेरणी ५ ते १० नोव्हेंबरच्या दरम्यान, वाफसा पाहून. पहिले पाणी महिनाअखेरीस, कापणी मार्चच्या मध्यात. तिन्ही वेळा माझे रान तुम्हाला खुले आहे. येताना तुमचा वजनकाटा घेऊन या, माझ्या काट्यावर विश्वास ठेवू नका. फावडे आमच्याकडे आहे, माती खोदून बघू.

आपला,
सोयाबीन-गहू करणारा एक शेतकरी
अहिल्यानगर जिल्हा